गालावरची आच

कृष्णाकाठी मार्गशीर्षातली सकाळ. पात्रावर धुक्याची धवल चादर. तिच्यात एक नाव, दोन बगळे आणि पैलतीरावर उसाच्या तुऱ्यांची रुपेरी, अगणित रांग. ऐलतीरावर पत्र्याच्या छपराखाली एक भट्टी, एक लोखंडी कढई, दोन चाळण्या. कढईत कृष्णवर्णी वाळू. वाळूसमोर एक बाई.

बाईचं नाव कस्तुरा. वय एकोणपन्नास.

भट्टीच्या पोटात भाताचा कोंडा जळत होता. ज्वाळा केशरी, ज्वाळा जांभळी, ज्वाळा क्षणभर निळी. वाळू तापत होती. पण तापलेली वाळू दिसायला गार वाळूसारखीच असते. ती रंग बदलत नाही, वाफ सोडत नाही. म्हणून या घरच्या बायका तिला गाल दाखवत. कढईवर वाकायचं, डोळे मिटायचे, डावा गाल वाळूकडे करायचा. गालाला हवी ती आच लागली की मिठाच्या पाण्यात मुरवून वाळवलेला तांदूळ ओतायचा. निमिषात दाणा उमले. तांदळाचा चुरमुरा होई, हलका, शुभ्र, मोगऱ्याच्या कळीएवढा.

सासूनं, बाळाक्कानं, हे कस्तुराला लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात शिकवलं होतं. पुढं एक दिवस बाळाक्का भट्टीपुढून उठली, ती पुन्हा तिथं बसली नाही. तेव्हापासून ही जागा कस्तुराची. घर नवऱ्याचं, दुकान नवऱ्याच्या नावाचं. पण ही जागा तिची.

या वर्षी मात्र गाल चुकू लागला. आच लागे, ती तांदूळ ओती, आणि दाणे न उमलता पडून राहत. पिवळट, टणक, दाताखाली खड्यासारखे. गणंग. भडंगवाले पोती परत पाठवू लागले. नवरा, महिपती, रागावला नाही. तो इतकंच म्हणाला की सुनेला, वृषालीला, बसू दे आता, तुला विश्रांती. विश्रांती हा शब्द कस्तुराच्या उरात गणंगासारखा रुतून राहिला.

त्या सकाळी तिनं पुन्हा गाल दाखवला. आच आली. हात सुपाकडे गेला, आणि तिथंच थबकला.

आच गालावर थांबली नव्हती. छातीतून उगवून ती गळ्यावर चढली, कानांमागे पसरली, कपाळावर दवबिंदूंसारखा घाम पेरून गेली. कस्तुरा उठली. भट्टीकडे पाठ करून चालत चालत घाटावर आली, बर्फगार पाण्यात पावलं बुडवून उभी राहिली. वाळू मागे राहिली होती. आच बरोबर आली होती. नदीचा वारा अंगावर शहारे उठवत होता, आणि मानेवरून घामाचे ओघळ वाहत होते.

आतली आच, बाहेरची आच. इतके दिवस एकाच गालावर दोघी येत होत्या, आणि ती दोघींना एकच समजत होती.

घाटाच्या पायरीवर बाळाक्का उन्हाला बसली होती. ती सुनेकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "वाळू गार निघती व्हय तुझी?"

कस्तुरानं मान हलवली.

"माझीबी निघायची. पाळी जाताजाताच. मला वाटलं, आपला गालच गेला. उठले मग."

"कधी सांगितलं न्हाई ते, आत्याबाई."

"सांगू कुणाला? भट्टीला?"

दोघी हसल्या. आधी बाळाक्का, मग कस्तुरा. हसता हसता कस्तुराचे डोळे भरून आले, पण हसू थांबेना.

त्याच आठवड्यात वृषाली तिला तालुक्याला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, रक्तदाब पाहिला, झोपेची चौकशी केली. त्यांनी सांगितलं की अंडाशय मंदावतात तेव्हा शरीराची उष्णता सांभाळणारं मेंदूतलं केंद्र हळवं होतं. जरासं ऊन, जराशी ऊब, की ते घाबरून घाम सोडतं. लाट येते, काही मिनिटं राहते, ओसरते. हा आजार नव्हे. फार छळलं तर औषध आहे, सोसत बसायचं नाही. कस्तुरानं एकच विचारलं: लाट ओसरल्यावर गाल पहिल्यासारखा होतो का? असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण व्हायला हवा.

पौषात भट्टी पुन्हा पेटली. ज्वाळा केशरी, ज्वाळा जांभळी. कस्तुरा कढईसमोर बसली, शेजारी वृषाली, मागे हाताची घडी घालून महिपती, छपराच्या कडेला उन्हात बाळाक्का. आणि लाट आली. गळा, कान, कपाळ. कस्तुरानं सूप खाली ठेवलं, तांब्याभर पाणी प्यायली, पदरानं मान पुसली.

"झाली न्हवं वाळू?" महिपतीनं विचारलं.

"वाळू हुईल," ती म्हणाली. "आधी मी गार हुते."

मग ती वृषालीकडे वळली. ही लाट कशी येते, कुठून उठते, किती वेळ थांबायचं, आणि लाट सरल्याखेरीज गालावर कसा विश्वास ठेवायचा नाही, हे तिनं मोठ्यानं सांगितलं. नवऱ्यादेखत, सासूदेखत, सगळं.

लाट ओसरली, भरतीचं पाणी वाळूवरून मागं सरावं तशी. देह निवला. नदीचा वारा कानाशी आला. कस्तुरानं डोळे मिटले, डावा गाल वाळूकडे केला. आता एकच आच होती, स्वच्छ, बाहेरची, ओळखीची.

तिनं तांदूळ ओतला.

कढईत पांढरा पाऊस उसळला. तडतड, तडतड, आणि मग मऊ, कापसासारखी शांतता. चाळणीखाली काळी वाळू गळाली, चाळणीवर शुभ्रता उरली. महिपती आतून मापटं घेऊन आला, आणि भरू लागला, ओतू लागला, भरू लागला.

तांदूळ एक मापटं. चुरमुरे नऊ.