जुन्या स्क्रिप्टला धक्का न लावता

ऑफिसात तिला सगळे हेडबाई म्हणत, कारण कोणाचाही कोड ती शाळेतला पेपर तपासावा तसा तपासायची. फाइली एका कम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेणारा तिचा प्रोग्रॅम अकरा वर्षं ठिकठिकाणी वापरात होता. कमांड टाइप करायची, एंटर दाबायचं, काम फत्ते. खोड एकच. त्याच नावाची फाइल तिथे आधीच असली, तर तो न विचारता ती पुसून नवी ठेवायचा.

नदीच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या एका माणसाची चार वर्षांची नोंद अशीच पुसली गेली. त्याने पत्रात राग काढला नव्हता. एवढंच लिहिलं होतं, "एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं." ते तिच्या जिव्हारी लागलं.

"मग उद्यापासून विचारू दे की," साहेब म्हणाले.

"साहेब, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एक जुनी स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी, तो रोज सकाळी आपोआप चालवते. समोर माणूसच नसतो. तो प्रश्न विचारून ताटकळत बसेल आणि डॉक्टर रिपोर्टसाठी खोळंबतील."

तिने आधी दोन नवे पर्याय दिले: 'विचार' आणि 'विचारू नकोस'. काहीच लिहिलं नाही तर वागणं जुनंच. फक्त सूचना यायची, की पुढच्या वर्षीपासून काही लिहिलं नसेल तर प्रोग्रॅम आधी विचारेल, काय हवं ते आत्ताच लिहून ठेवा. चौदा महिने ती लोकांच्या मागे लागली. लॅबमधल्या ताई तर त्यांच्या स्क्रिप्टला हात लावायलाच तयार नव्हत्या.

"ही स्क्रिप्ट लिहिणारे कधीच सोडून गेले हो. बिघडली तर माझ्या गळ्यात येईल."

हेडबाईने फोनवर त्यांच्याकडून एकेक ओळ वाचून घेतली आणि कमांडमध्ये 'विचारू नकोस' तेवढं जोडून घेतलं.

बदल झाला त्या सकाळी तिचा चहा टेबलावरच निवला. नऊला ताईंचा फोन आला. "सगळे रिपोर्ट वेळेवर गेले. आज बदल होता हे मी विसरलेच होते बघा."

"म्हणजे काहीच झालं नाही?" साहेबांनी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि तिची मान आपोआप ताठ झाली.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो प्लंबर. हातातलं काम थांबवून त्याने ऐकलं.

"म्हणजे बिल्डिंगचं पाणी बंद न करता पाइप बदललास."

"एकाही घरचं नाही."

"हे आमच्याच्याने होत नाही," तो म्हणाला.

वीस वर्षांच्या संसारात तिच्या कामाला त्याने दिलेली ही पहिली दाद. एरवी दोन वाक्यांत आटोपणारी ती, जेवण होईपर्यंत बोलत राहिली. थोडं तिखटमीठ लावूनच.