विहिरीतली हिरवी माती

केरूच्या नव्या विहिरीत हिरवी माती लागली असं त्याच्या बायकोनं, जनीनं सांगितलं आणि पद्मजाबाईंना घरात बसवेना. अलोऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. हल्ली देवळातल्या भिंतीवरची जुनी चित्रं दुरुस्त करत होत्या. त्या चित्रांतला मातीचा हिरवा रंग त्यांना कुठं मिळत नव्हता, आणि बाजारातला त्याशेजारी भडक दिसायचा.

केरू त्यांचा जुना विद्यार्थी. "गुडगे दुकतात ना बाई? मी काडून देतो," म्हणाला. पण बाई ऐकतात कुठल्या! शिडी धरून उतरल्याच.

तळाशी आदल्या दिवशीच सुरुंग उडवले होते. काळा दगड फुटून एक पोकळी उघडी पडली होती, आत शेवाळी, मऊ माती. बाई खुरप्यानं डबा भरू लागल्या.

"अशी चिमूट चिमूट काय? सरा, मोटा खपलाच काडतो." केरूनं पहार उचलली.

तेवढ्यात बाईंना हिरव्याखाली तांबडा ठिपका दिसला. इतक्या खोल, काळ्या दगडात तांबडी माती? ती तर वरच्या जांभा दगडाची. कुणीतरी वरून आणून, भोक बुजवायला ठासलेली.

"केरू, थांब! सुरुंग आहे इथं. उडाला नाही तो."

पहार डोक्यावरच राहिली. केरूनं नजर खाली नेली. तांबड्या मातीतून वातीचं टोक डोकावत होतं.

"सगळे उडाले म्हनला व्हता सुरुंगवाला..." बाईंनी पहारेचं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ती अलगद खाली टेकवली.

"तुमी फुडं व्हा, बाई."

डबा तिथंच टाकून बाई चढू लागल्या. शिडी करकरली. मधेच गुडघा आखडला. पायाखालून खडा निसटला आणि तळावर टणकन वाजला. बाईंनी डोळे मिटले.

"घाई नको," केरू खालून कुजबुजला. "मी हाय."

वर आल्यावर दोघांनी सांगताच काठावरची जनी भडकली. "त्या मातीपायी माजा मानूस गेला असता!"



केरूनं खाली विहिरीत बघितलं. "बाई नसत्या आल्या तरी उद्या मी तितंच पहार मारनार व्हतो, जने. तवा मला कोन अडवनार व्हतं?"

जनी कुणाकडेच न बघता घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सुरुंगवाल्यानं येऊन तो उडवला. धमाका बाईंनी घरात ऐकला.

संध्याकाळी जनी बाईंच्या दाराशी उभी राहिली. पदरात विहिरीतले हिरवे बारीक खडे.

"डबा सुरुंगात गेला तुमचा," ती म्हणाली. "ह्ये चालतील?"

"आत ये," बाई म्हणाल्या.