पंधरा सेकंदांचं दार

मी एक जुनी घंटा आहे, एके काळी बसच्या छताला लटकणारी, पितळेची, वाटीएवढी. मित्रांनो, कपाटाच्या काचेला नाकं लावून माझ्याकडे बघताय, तर माझं थोडं ऐकूनही घ्या. गोड बोलण्याची अपेक्षा मात्र ठेवू नका. माझं डोकं फिरलेलं आहे.

एका ओतकाम करणाऱ्या मिस्त्रींनी मला घडवलं. आवाज पसंत पडेना म्हणून त्यांनी मला दोनदा वितळवलं, तिसऱ्यांदा कुठे हसले. मग ड्रायव्हरच्या डोक्यावर माझी जागा ठरली. माझी दोरी छताखालून थेट मागच्या दारापर्यंत जायची आणि तिथे ती कंडक्टरकाकांच्या हातात असायची. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. सगळी विद्या एवढीच. पण शेवटच्या माणसाचा दुसरा पाय आत आल्याशिवाय काका दोन टोले देत नसत. ड्रायव्हर कुरकुरायचा, लोक घड्याळं बघायचे, काका ढिम्म हलायचे नाहीत. सत्तावीस वर्षांत आमच्या दारातून कुणी पडलं नाही, म्हणून आगारात सत्कार झाला. हार काकांच्या गळ्यात पडला. टोले मी दिले होते, हे आपलं सांगून ठेवते.

मग ड्रायव्हर-कंडक्टर नसलेल्या बस आल्या. खोटं कशाला बोलू, त्या धूर सोडत नाहीत, कुणाच्या अंगावर चिखल उडवत नाहीत. तरी मला त्यांचा मनस्वी राग येतो. त्यांचं दार पंधरा सेकंद उघडतं आणि मिटतं. मध्ये कुणी उभं असेल तर तेवढं थांबतं. बाहेर कोण राहिलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि याला म्हणे प्रगती.

आमची बस मोडीत निघाली तेव्हा काकांनी मला खोलून घरी नेलं. पुढे बस कंपनीचा निरोप आला, नव्या कार्यालयात जुन्या वस्तू मांडायच्या आहेत, घंटा द्याल का? आम्हाला हाकलणाऱ्यांनाच आमची आठवण आली. काकांनी मला पिशवीत घातलं आणि ते थांब्यावर आले.

तिथल्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या. त्या दवाखान्यातल्या फाटक्या चादरी शिवायच्या. एक पाय ओढत चालायच्या, आणि उभं राहून वाट बघणं त्यांच्या गुडघ्याला झेपत नसे. बाकावरून दारापर्यंत यायलाच त्यांना अर्धं मिनिट लागे. त्या महिन्यात बस दोनदा त्यांना टाकून गेली होती. तिसऱ्यांदा उशीर झाला तर काम दुसरीला मिळणार, असं त्यांना बजावलं होतं.

बस आली. काका पुढे झाले आणि दारात आडवे उभे राहिले. दारातून बाजूला व्हा, असं बस सारखी सांगू लागली.

"थांब म्हटलं ना," काका तिला म्हणाले. "त्यांचा पाय आत येऊ दे, मग ओरड."

"सोडा हो, सगळे खोळंबलेत," मावशी ओशाळून म्हणाल्या.

"खोळंबू दे. तुम्ही सावकाश या."

कार्यालयात साहेबांनी चहा पाजला. काकांनी दार मिनिटभर उघडं ठेवायची विनंती केली. साहेबांनी पडद्यावरचे आकडे दाखवले. पंधरा सेकंदांत शंभरातले नव्व्याण्णव जण चढतात.

"उरलेल्या एक बाई आमच्या थांब्यावर असतात," काका म्हणाले.

साहेब हसले आणि त्यांनी मला या काचेच्या कपाटात ठेवलं.

काका त्यानंतर रोज सकाळी दारात उभे राहिले. मावशी वेळेवर पोचत राहिल्या. इथे समोरच्या पडद्यावर मात्र तो थांबा लाल दिसू लागला. कारण लिहिलं होतं, वारंवार अडथळा. महिनाअखेर कंपनीने थांबाच बंद केला. मावशींचं काम गेलं. हे मला फरशी पुसणाऱ्या बाईंच्या बोलण्यातून कळलं, पडद्यावर ते कुठेच दिसलं नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, माझ्यासाठी हळहळू तर मुळीच नका. तुमच्यातलं कुणीतरी मोठेपणी असली दारं बनवणार आहे. ती किती वेळ उघडी ठेवायची हे ठरवायच्या आधी मावशींच्या घरी जा. त्यांना जिना उतरताना बघा, आणि सेकंद तिथे मोजा.