उन्हाची रेघ

संध्याकाळ लवकर व्हायला लागली, तशी छकुली हिरमुसली. "सूर्य आपल्याला सोडून चाललाय," म्हणत तिने खेळायला जाणंच सोडलं.

तिची आत्या खिडक्यांना काचा बसवायची. रविवारी दुपारी बाराला तिने छकुलीच्या खोलीत फरशीवर, खिडकीतून आलेलं ऊन संपत होतं तिथे खडूने रेघ मारली. "आता दर रविवारी याच वेळी तू मारायचीस."

पाचव्या रविवारी ऊन तीन फरशा ओलांडून छकुलीच्या पलंगाला टेकलं होतं.

"आत्या, सूर्य तर घरात येतोय!"

"थंडीत तो आकाशात खालून जातो, म्हणून ऊन आतपर्यंत पोहोचतं."

छकुलीने पलंगावर हात ठेवला. चादर कोमट होती.

"इथे रेघ मारू?"

"चादरीवर? आई आपल्या दोघींना घराबाहेर काढेल!"