चोविसावा आरा

मित्रांनो, मी एक जुनी लेझर कटिंग मशीन आहे. बदनापूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर महेमूद मिस्त्रींचे सुतारकामाचे दुकान आहे, तिथे मी राहते. माझी एक दूरची बहीण जालन्याच्या कारखान्यात पाण्याच्या धारेने लोखंड कापते म्हणे. तिचा तोरा मोठा. पण लाकूड पाणी पिते आणि फुगते, म्हणून लाकडाला मीच लागते.

माझी पहिली वर्षे शहरातल्या एका दुकानात की-चेन कापण्यात गेली. तिथे माझे भिंग कोणी पुसत नसे. भिंग धुरकट झाले की काप वाकडा येई, आणि शिव्या मला बसत. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय! शेवटी महेमूद मिस्त्रींनी मला विकत आणले. त्यांची मुलगी मदीहा रोज सकाळी मऊ कापडाने माझे भिंग पुसते. तिच्यावर माझा फार जीव आहे.

गेल्या वर्षी हसनाबादहून चांगुणाबाई आल्या. कडुलिंबाची एक रुंद फळी त्यांनी पदराने पुसून टेबलावर ठेवली.

"मिस्त्री, आमच्या मालकानं लावलेला लिंब व्हता. रस्ता रुंद केला, त्यात गेला. मालक बी गेले. एवढी एकच फळी उरली. बुद्धपौर्णिमेला विहारात लावायला चक्र करून द्या, चोवीस आऱ्याचं."

"बिलकुल करून देतो, बाई," मिस्त्री म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ते चक्र कापत होते. मित्रांनो, माझ्या किरणाबरोबर एक पंप घरघरत सतत हवा फुंकत असतो. ती हवा थांबली की लाकूड पेट घेते. तेवीस आरे कापून झाले होते. मदीहा पाठमोरी होऊन दुसरी फळी घासत होती. तेवढ्यात अजान सुरू झाली. अजानच्या वेळी दुकानातला प्रत्येक आवाज बंद करायचा, ही मिस्त्रींची चाळीस वर्षांची रीत. त्यांनी सवयीने हात वर केला आणि पंपाचे बटण दाबले. माझा किरण मात्र आवाज करत नाही. तो चालूच राहिला.

जळका वास येताच मदीहाने मला थांबवले आणि ओले फडके टाकले. तोवर चोविसावा आरा कोळसा झाला होता. मला फार वाईट वाटले. त्याच लिंबाची दुसरी फळी आणायची कुठून?

चांगुणाबाई चक्र पाहायला आल्या. मशीन खराब आहे, एवढे म्हटले की मिस्त्री सुटणार होते. सगळे तेच म्हणतात.

"बाई, चूक माझी हाये," मिस्त्री म्हणाले. "पोरीची न्हाई, मशीनची बी न्हाई. अजान होऊन राह्यली व्हती, मी पंप बंद केला. मशीन चालू हाये, हे ध्यानातच न्हाई आलं."

चांगुणाबाईंनी वाकून ती जळकी जागा पाहिली. मग म्हणाल्या, "फळीचे कोपरे फेकले तर न्हाई ना?"

ते मदीहाने जपून ठेवले होते. पुढचे दोन दिवस मिस्त्रींनी पटाशीने त्या कोपऱ्यातून एक आरा कोरला आणि खाच पाडून चक्रात बसवला. म्हातारे हात, त्यामुळे आरा केसभर जाड झाला.

चक्र न्यायला आल्यावर चांगुणाबाईंनी डोळे मिटून त्याच्यावरून बोटे फिरवली. बोटे बरोबर त्याच आऱ्यावर थांबली.

मिस्त्री म्हणाले, "अजून घासू का?"

"नका," त्या म्हणाल्या. "मालक बी लाकडाचं काम असंच करायचे. हातानं, जरा जाडच."

आता अजान सुरू झाली की मदीहा आधी मला थांबवते, मगच पंप बंद करते.

मित्रांनो, चालू यंत्राकडे पाठ करू नका. त्याचे भिंग पुसा, त्याला हवा द्या. आणि आपल्या चुकीचे खापर मुक्या यंत्राच्या माथी फोडू नका. हसनाबादच्या विहारात कधी गेलात तर ते चक्र पाहा. त्यातले तेवीस आरे माझे आहेत. मला आवडतो तो चोविसावा.