रुखवतातल्या चिठ्ठ्या

माझ्या लग्नात मी भांडण केलं, असं आमच्या नात्यात अजून सांगतात. साफ खोटं आहे. मी फक्त चार चिठ्ठ्या काढायला नकार दिला. बाकीचं भांडण लोकांनी आपापल्या घरून आणलं होतं.

निजामावर पोलीस ॲक्शन झालं त्या साली माझा जन्म, आणि लग्न झालं ते सत्तरच्या मे महिन्यात. म्हणजे एकविशी उलटली होती आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. माझे आबा, म्हणजे वडील त्रिंबक, एसटीच्या वर्कशॉपात बसच्या सीटांना रेक्झिन शिवायचे. त्यांच्या आधीच्या सगळ्या पिढ्या कन्नड तालुक्याकडं मेंढरांमागं हिंडल्या. आबांकडून मला जमीन मिळाली नाही, मेंढरं मिळाली नाहीत. दाभण चालवायचा हात मिळाला आणि जुन्या बाजाराची चटक लागली.

गुरुवारी आबांची सुट्टी असायची आणि गुरुवारीच छावणीचा बाजार. भाजीची आणि गुरांची गर्दी ओलांडून गेलं की टोकाला जुन्या सामानाची एक ओळ बसायची. निजामाचं राज्य गेलं तशी शहरातली कितीतरी मोठी घरं रिकामी झाली. कोणी हैदराबादला गेलं, कोणी त्याहून लांब गेलं, कोणी इथंच राहिलं पण गरीब झालं. त्यांचं सामान पुढं वीस वर्षं थोडं थोडं करून त्या ओळीत येत होतं. पाठ विरलेल्या हिमरूच्या शेरवान्या, बूड गेलेले हुक्के, काटे नसलेली घड्याळं. लोक त्यावरून उडी मारून पुढं जायचे. मी उकिडवी बसून एकेक वस्तू उलटीपालटी करायची आणि आबा बाजूला बिडी ओढत थांबायचे.

रुखवत मी त्यातूनच केलं. शेरवानीच्या चांगल्या राहिलेल्या बाह्यांच्या उशांच्या खोळी केल्या. हुक्क्याच्या बुडाला कल्हईवाल्याकडून डाग मारून घेतला आणि फुलदाणी केली. भिंतीवरच्या एका बंद घड्याळाचं यंत्र काढून टाकलं, आत लाल मखमल लावली, त्याचा देव्हारा केला. खंडोबाचा टाक त्यात असा बसला की जणू घड्याळ त्याच्यासाठीच बंद पडलं होतं.

आणि गोधडी. बोहारणी दारोदार भांडी देऊन जुने कपडे घ्यायच्या आणि त्या कपड्यांची गाठोडी त्याच ओळीत सोडायच्या. अशा एका गाठोड्यातून मला हिरवं इरकली लुगडं मिळालं. काठ विरलेले, पण अंग मऊ आणि रंग अजून जिवंत. मधोमध तळहाताएवढं फाटलेलं होतं आणि ते कोणीतरी काळ्या लोकरीनं रफू केलं होतं. सुताच्या लुगड्याला मेंढीची लोकर! बोहारीण म्हणाली, तेवढं कापून टाक, बाकीचं कामाचं आहे. आई म्हणाली, खालच्या थरात घाल, दिसणार नाही. मी ते रफू गोधडीच्या बरोबर मध्यावर घेतलं आणि चारी बाजूंनी तांबडा धावदोरा फिरवला. इतकं नेटकं काम मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ते झाकायचं कशाला?

आता चिठ्ठ्यांचं. रुखवतात प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावायची पद्धत असते, 'कु. अमुक हिने केले' अशी. मी माझ्या चिठ्ठ्यांवर जास्त लिहिलं. 'जुनी हिमरू शेरवानी, छावणीचा बाजार. शिवली मंजुळाने.' 'बंद घड्याळ, छावणीचा बाजार. देव्हारा केला मंजुळाने.' गोधडीवर लिहिलं, 'जुनं लुगडं, बोहारणीच्या गाठोड्यातलं. शिवली मंजुळाने.' ज्यांनी या वस्तू आधी वापरल्या त्यांची नावं मला ठाऊक नव्हती. निदान माझ्याआधी त्या कोणाच्या तरी होत्या एवढं तरी लिहायला नको का? सगळं मीच आभाळातून आणलं असं चार माणसांत मिरवायला मला लाज वाटत होती.

आईला लाज वेगळ्याच गोष्टीची वाटत होती. ती म्हणाली, वस्तू मांड, पण चिठ्ठ्यांवर नुसतं नाव लिही. कोण विचारणार आहे? लग्नाच्या आदल्या दिवशी ती अक्षरशः माझ्या पाया पडायला आली. मी पाय मागं घेतले, पण चिठ्ठ्या मागं घेतल्या नाहीत.

तिच्या भीतीला कारण होतं. सासर उस्मानपुऱ्याचं. नवरदेव रामकिसन सरकारी कचेरीत कारकून, आणि त्यांच्या आई, आवडाबाई, स्टीलच्या भक्त. त्यांनी महिनाभर आधी निरोप धाडला होता की रुखवतात स्टील भरपूर दिसलं पाहिजे, आमच्याकडची माणसं बघणारी आहेत. आबा कोणाकडून तरी उसने पैसे आणायला निघाले होते. मी दारात आडवी उभी राहिले आणि सांगितलं, रुखवत मुलीच्या हातचं असतं, कारखान्याच्या हातचं नसतं. आबा परत येऊन खाटेवर बसले. मग मला म्हणाले, घड्याळाच्या दाराची बिजागरी सैल आहे, आण इकडं.

आवडाबाई वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. मी त्यांच्याजवळ पुढं एकोणीस वर्षं नांदले. त्यांचाही जन्म मेंढरांतलाच. शहरात आल्यावर शेजारणी नाकाला पदर लावतात असं त्यांना सारखं वाटायचं, म्हणून घरातली घोंगडी, काठी, जुनं जे जे दिसेल ते त्यांनी बाहेर घालवलं आणि फळीवर चकचकीत डबे चढवले. हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मला त्या फक्त नाक मुरडणाऱ्या बाई दिसल्या, आणि माझा राग राग झाला.

मांडव आमच्या गल्लीत, क्रांती चौकाच्या मागं. रुखवत शेजाऱ्यांच्या ओट्यावर दोन बाकांवर मांडलं होतं. मी आत गौरीहराशी बसले होते, हळदीचं पिवळं लुगडं, कपाळाला मुंडावळ्या, मुठीत अक्षता. बाहेर वऱ्हाडातल्या बायका रुखवत बघायला आल्या तसा गलका झाला. तेवढ्यात माझी चुलती धावत आत आली आणि आईच्या कानाला लागली. नवऱ्याची आई म्हणते, हे उचला.

गौरीहरावरून नवरीनं उठायचं नसतं. मी उठले.

ओट्यावर एक शिकलेली पोरगी चिठ्ठ्या मोठ्यानं वाचून दाखवत होती आणि बायका एकमेकींकडं बघत होत्या. शेरवानीपर्यंत सगळ्या हसल्या असाव्यात. बोहारणीच्या गाठोड्याशी हसू थांबलं होतं. आवडाबाई गोधडीपासून दोन हात लांब उभ्या होत्या. तिच्याकडं त्या बघतही नव्हत्या, विटाळ होईल अशा.

"गाठोड्यात कोणाकोणाचं असतं, ठावं हाय का?" त्या आईला म्हणत होत्या. "मढ्याच्या अंगावरचं बी असतं. लगनाच्या मांडवात मेल्या बाईचं लुगडं मांडलं तुमी, विहीणबाई."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. जमलेल्या बायकांनी पदर सावरले. मेलेल्याची गोष्ट निघाली की माणसांची बुद्धी पाय लावून पळते. कोणी म्हणालं, खरंच की. कोणी म्हणालं, अपशकुन. आवडाबाईंनी निकाल देऊन टाकला की हे उचलल्याशिवाय नवरदेव बोहल्यावर यायचा नाही. नवरदेव तिथंच मांडवाच्या खांबाशी उभे होते आणि हातरुमालाची घडी घालत होते. घडी झाली की मोडायचे आणि पुन्हा घालायचे. पुढं मला त्यांची ही सवय चांगलीच ओळखीची झाली.

आबा पुढं झाले. आयुष्यभर साहेबांपुढं वाकलेला माणूस, तो सवयीनं वाकला आणि गोधडीकडं हात नेला. ते मला बघवलं नाही.

"आबा, हात लावू नका," मी म्हणाले.

"पोरी, मुहूर्त टळंल."

"टळू द्या."

आवडाबाई माझ्याकडं वळल्या. नवरी बोलते हेच त्यांना आधी पचेना. मग म्हणाल्या, मेलेल्या बाईचं नाही तर कोणाचं ते सांग. बाप दाखव, नाही तर श्राद्ध कर.

मला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं, आणि खोटं बोलायचं तर ती वेळ होती. मावशीचं आहे म्हणाले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. आई डोळ्यांनी तेच विनवत होती. लग्न मोडलेली मुलगी म्हणजे काय, हे मला आमच्या गल्लीतल्याच एका घरात रोज दिसत होतं.

"कोणाचं ते मला ठावं नाय," मी म्हणाले. "म्हून तर कुठून आणलं ते लिहिलंय. जिनं कोणी हे रफू केलं, ती माझ्यापेक्षा लई हुशार बाई व्हती. ती मेली असंल तर तिचा आशीर्वाद हाय असं मी धरते. गोधडी उचलली तर मला बी उचललं असं समजा."

मांडवात वाजंत्रीवाले वाट बघत होते. आबांचा पुढं केलेला हात तसाच राहिला होता.

या सगळ्यात बाकाच्या टोकाला बसलेल्या म्हातारीकडं कोणाचंच लक्ष नव्हतं. रामकिसनच्या आजी, म्हाळसाबाई. गुडघे धरले म्हणून येताक्षणी त्या तिथं टेकल्या होत्या आणि गोधडीचं एक टोक त्यांच्या मांडीवर आलं होतं. आता त्यांनी ते ओढून जवळ घेतलं होतं आणि मधल्या काळ्या रफूवर अंगठा फिरवत होत्या. उलटा, सुलटा, पुन्हा उलटा.

"आवडे," त्या म्हणाल्या, "मेल्या बाईचं म्हणायलीस. मी हाय की अजून."

आवडाबाई वळल्या. त्यांना आधी काही समजलंच नाही.

"हे माझं लुगडं हाय. रझाकाराच्या टायमाला मेंढरं घेऊन घाट उतरलो चाळीसगावाकडं. बाभळीत फाटलं. रानात दोरा कुठला? हातातल्या कातायच्या चातीवरची लोकर घेतली आन् बसल्या जागी भरलं." मग त्यांनी सुनेकडं नीट बघितलं. "तू तर म्हणली व्हतीस, उंदरानं खाल्लं."

आवडाबाई एक पाऊल मागं सरकल्या.

"उंदीर बोहारणीकडं जातेत व्हय?"

एक बाई फिसकन हसली आणि लगेच पदर तोंडात कोंबला. आवडाबाई खाली बघत उभ्या राहिल्या. कानापर्यंत लाल झाल्या होत्या. मला वाटलं होतं की मला लई आनंद होईल. पण तेवढा झाला नाही. त्या लुगड्याच्या बदल्यात फळीवर कोणता डबा आला हे त्यांना तिथं उभ्या उभ्या आठवत असणार, आणि तो डबा घासताना त्यांना किती बरं वाटलं होतं हेही.

चुलती पुढं झाली आणि म्हणाली, चला, उलगडा झाला, आता ती चिठ्ठी तेवढी काढून टाकू या. मी नाही म्हणायच्या आत आजीच बोलल्या.

"काढायची कामून? पोरगी खरं लिहिती. तिला ठावं नव्हतं ते आता लिही म्हणा."

त्यांनी मला जवळ बोलावलं. शिकलेल्या पोरीनं पेन दिलं. हातात हिरवा चुडा, तोंडावर मुंडावळ्या येत होत्या, त्या एका हातानं बाजूला धरून मी बाकावर वाकले आणि जुनी ओळ तशीच ठेवून तिच्याखाली लिहिलं, 'लुगडं म्हाळसाबाई भ्रतार मुंजाबा यांचं. रफू त्यांनीच केलं. बाई हयात आहेत.'

आजींनी मला ते वाचायला लावलं. मी वाचलं. शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, जरा मोठ्यानं, मांडवापर्यंत जाईल असं. मी मांडवापर्यंत नेलं.

"सही करता येत नाय मला," त्या म्हणाल्या आणि इकडंतिकडं बघू लागल्या. रुखवताशेजारीच सवाष्णींना लावायला कुंकवाचा करंडा ठेवला होता. कोणाला काही कळायच्या आत त्यांनी अंगठा त्यात दाबला. त्यांचे मालक जाऊन अकरा वर्षं झाली होती. बायकांचा श्वास अडकला तो मला ऐकू आला. आवडाबाईंनी हात पुढं केला होता, तो त्यांनी आपणच मागं घेतला.

आजींनी चिठ्ठीवर माझ्या अक्षरांशेजारी लालभडक अंगठा उठवला, चांगला दाबून. उरलेलं कुंकू गोधडीच्या कोपऱ्याला पुसलं. मग ती गोधडी मे महिन्याच्या त्या उन्हात दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतली, पुढून घट्ट धरली आणि भटजींना सांगितलं, आता लावा लगीन.