भुऱ्याची हक्कसोड

निंदणीची तिसरी पात संपत आली होती, तेवढ्यात कपाशीतून रानडुक्कर सुटलं ते थेट झुंबरबाईच्या अंगावर. बाई आडवीच व्हायची. पण बांधावर जीभ काढून पडलेला भुऱ्या कुत्रा मधी घुसला. सुळ्यानं त्याचं पोट जुन्या गोधडीसारखं उसवलं. झुंबरबाईनं डोक्याचा रुमाल सोडून ते बांधलं आणि डुकराच्या सात पिढ्यांना शिव्या देत गावातल्या भूषणची लोडिंग रिक्षा थांबवली. टोळीतल्या सहाही बाया त्या दिवसाचा रोज बुडवून मागं चढल्या.

अमळनेरच्या खासगी दवाखान्यात सुलक्षणा डॉक्टरांनी जखम पाहिली. "आतडं वाचलंय. पण तासाभरात टाके पडायला हवेत. आठ हजार लागतील."

आठ हजार! सहा बायांची पाच दिवसांची मजुरी.

"गरिबांच्या जनावरांसाठी एक ट्रस्ट पैसे भरतो. बाहेर त्यांचे श्रेयांस बसलेत, फॉर्म भरा. तोवर रक्त थांबवते."

श्रेयांसनं पेन उघडलं. "मालकाचं नाव?"

इथं झुंबरबाई चुकली. खरं बोलली. सहा घरची भाकर खाणाऱ्या कुत्र्यावर एकटीनं हक्क सांगायचा म्हणजे पाचजणींची भाकर चोरायची!

"आम्हना सहा जनीसना शे, दादा."

त्यानं सहा नावं लिहिली, सहा अंगठे घेतले, सहाजणींची वर्षाची कमाई विचारून बेरीज मारली आणि मान हलवली. "मर्यादा सव्वा लाखाची. तुमचं मिळून तीन लाख होतं. बसत नाही."

कुंदाबाई फिसकन हसली. "दखा वं! जलममां पहिलांदाव शिरीमंत व्हयनूत, ते बी कुत्रापायी!"

"मंग मन्हं एकलीनं नाव लिख," झुंबरबाई म्हणाली.

"बाकीच्यांनी हक्क सोडल्याचा अंगठा दिला तरच."

हक्क सोडणं ह्या बायांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आखाजीच्या सणाला माहेरी न्यायचं, पुरणपोळी चारायची, नवं लुगडं नेसवायचं आणि दुसऱ्या दिवशी तहसीलात उभं करायचं. भावांनी एकेकीला असंच सोललं होतं, आणि गावानं त्याला माया म्हटलं होतं. चौघींनी सवयीनं अंगठे ठोकले. भागाबाईनं मात्र अंगठा मुठीत दाबला.

"भागा, दे ना वं! तठे रगत जाई ऱ्हायनं त्यानं!"

"नही."

"याड लागनं का तुले?"

"बापनं तीन एकर वावर व्हतं. त्यानावर अंगठा दिधा. जलममां पहिलांदाव काही मन्हा नाववर उनं, ते बी सोडू? सोडावच नही."

"कुत्रा मरी ना!" झुंबरबाईनं तिचा दंड धरून गदागदा हलवला. भागाबाई हलली, मूठ उघडली नाही. झुंबरबाईचा हात वर गेला आणि तसाच राहिला. तिनं असाच अंगठा देऊन सोडलेली स्वतःच्या बापाची विहीर आठवली असेल, की अजून काही. ती श्रेयांसकडे वळली.

"दादा, आम्हना दोघीसनी कमाई मोज बरं."

त्यानं मोजली. "एक लाख. अरे, बसतंय की! दोघी मालक, चालेल."

"मंग लिख ना! मुहूर्त दखस का?"

त्यानं सही ठोकली. आतलं दार बंद झालं.

दीड तासानं उघडलं. पट्ट्यांत गुंडाळलेला भुऱ्या टेबलावर पडला होता, बरगड्या वरखाली होत होत्या.

"जगेल," डॉक्टर म्हणाल्या. "मालक कोण? कागद घ्या."

भागाबाई सगळ्यांना कोपरानं सारत पुढं झाली. कागद उलटा धरला, श्रेयांसनं सुलटा केला.

"मन्हं नाव कोठे शे?"

त्यानं बोट ठेवलं. त्यानं काढल्यावर तिनं आपलं मातीनं काळं झालेलं बोट तिथंच टेकवलं. बाहेर भूषण हॉर्नवर हॉर्न मारत होता.

"मावशी, घडी करा आता," श्रेयांस म्हणाला.

"थांब रे भाऊ," भागाबाई म्हणाली. "दखू दे."